आरशावरचं कुंकू

"सर, आरशाला नको!" मी म्हणाले, पण तोवर बिसेन सरांचं ओलं बोट आरशाला लागलं होतं.

खंडेनवमीची सकाळ होती. बिसेन सर आमचे मुख्याध्यापक. त्यांच्या टेबलावर धुतलेलं पांढरं कापड अंथरलं होतं आणि त्यावर विज्ञान पेटीतल्या वस्तू देवासारख्या मांडल्या होत्या. नालाच्या आकाराचं चुंबक, होकायंत्र, काचेचा लोलक, भिंग आणि लाकडी पायावर मागेपुढे कलणारा एक चौकोनी आरसा. समई तेवत होती. प्रत्येक वस्तूपुढे झेंडूचं एकेक फूल होतं. सर एकेका वस्तूला हळद लावत, मग कुंकू लावत, मग हात जोडत. आरशाच्या बरोबर मधोमध लालभडक टिळा उमटला.

"मॅडम, पूजा आहे," सर शांतपणे म्हणाले. "चुंबकाला लावाचं अन् आरशाला नाही, असा भेदभाव कसा करता येते?"

दारात दहावीचा वर्ग उभा होता. सगळ्यांनी पेटीला नमस्कार केला, खोबरं-साखर घेतली. सरांनी पुन्हा एकेक वस्तू कापसात गुंडाळली, पेटीत ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला अडकवली. पुढच्या खंडेनवमीपर्यंत पेटीचं दर्शन संपलं.

हे गाव गोंदियाकडचं, धानाच्या बांध्यांमधलं, म्हणजे भातखाचरांमधलं. मी नागपूरहून तिथे विज्ञान शिकवायला गेले तेव्हा माझी पहिलीच नोकरी होती आणि मला जग बदलायची फार घाई होती. शाळेला कुठल्याशा संस्थेकडून ही पेटी मिळाली होती. झाकणावर छापलं होतं, 'माध्यमिक शाळांसाठी पूरक विज्ञान साहित्य'. मी पहिल्याच दिवशी किल्ली मागितली. सर म्हणाले, "पूरक आहे ना मॅडम? म्हणजे परीक्षेले येत नाही. अन् काही फुटलं तर पुन्हा कोण देते?" माणूस वाईट नव्हता. उलट इतका जपणारा होता की वस्तू वापरली तर झिजेल आणि पोरांनी हात लावला तर फुटेल, याच काळजीत असायचा. माझ्या वर्गातली पोरं प्रकाशाचे नियम घडाघडा म्हणत होती, पण भिंग हातात घेतलेलं एकही पोर नव्हतं. मला याचा राग येई, आणि राग आला की मी वर्गात जास्त जोरात शिकवी.

पेटीबरोबर आलेली शिक्षकांची पुस्तिका मात्र त्यांनी मला लगेच दिली होती. कागद फुटत नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्या दिवशी पूजेनंतर काकींसाठी प्रसाद घेऊन सरांबरोबर मीही गेले. त्यांचं घर शाळेला लागूनच होतं. काकी, म्हणजे सरांची बायको, तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, पडल्यापासून अंथरुणावर होत्या. पाठ गेली ती गेलीच. मानही वळत नव्हती. खाट अशी की खिडकी त्यांच्या डोक्यामागे. बाहेरचं ऊन त्यांच्या पायांवर पडे, पण बाहेर काय आहे ते त्यांना दिसत नसे. दिसायची फक्त कवेलूंच्या छपराची आतली बाजू. खाट फिरवावी तर खोली अरुंद, आणि हलवलं की त्यांना कळा येत.

"आले का जी?" त्यांनी सरांना विचारलं.

"आले ना. दोघंही बांधीतच हायेत," सर म्हणाले आणि खोबऱ्याचा बारीक तुकडा त्यांच्या तोंडात घातला.

"कोण?" मी विचारलं.

"सारस," काकी म्हणाल्या. त्यांचा चेहरा वाळलेला होता, पण डोळे फार मोठे आणि जागे होते. "जोडी हाय आमच्या बांधीत. मी लगन होऊन आली तवापासून जोडी पाहतो आमी. पाळीवर बसून पाहो दोघं. आता हे एकटे पाहतात अन् मले सांगतात."

सर एकदम उठून पाण्याचा पेला घासायला गेले. पेला स्वच्छच होता.

दिवाळीनंतर मी ठरवलं, पेटी नाही तर नाही. पुस्तिकेत एक प्रयोग असा होता की त्याला काहीच लागत नव्हतं. 'अंधारी खोली'. खोली पूर्ण अंधारी करायची, खिडकीला एक बारीक भोक ठेवायचं आणि समोरच्या भिंतीकडे पाहायचं. बस्स.

दहावीच्या वर्गाला मागच्या बाजूला एकच मोठी खिडकी होती आणि ती थेट बांध्यांकडे उघडायची. पोरांनी घरून धानाची रिकामी पोती आणली. पोरींनी फटी शेणमातीनं लिंपल्या. दुर्पता नावाची मुलगी या सगळ्याची मुकादम होती. तिचा बाप तलावात मासे धरायचा, आणि ती बोलायला लागली की मलासुद्धा मध्येच थांबवता येत नसे. तिनं तेलाच्या डब्याचा पत्रा आणला, खिळ्यानं त्याला भोक पाडलं आणि खिडकीच्या पोत्यात तो शिवून टाकला.

"म्याडम, भोकातून काय येईन? उंदीर?" ती म्हणाली आणि वर्ग खिदळला.

मी दार लावलं. आधी काहीच नव्हतं. नुसता अंधार आणि ओल्या शेणमातीचा वास. मग डोळे सरावले आणि फळ्याशेजारच्या भिंतीवर काहीतरी उजळत गेलं. वर पिवळट हिरवा पट्टा, खाली निळा. कुणाला काही कळेना. मग त्या निळ्यात एक पांढरा ढग हलला.

"आभाळ खाली हाय!" कुणीतरी ओरडलं.

आणि मग सगळं दिसायला लागलं. धानाच्या बांध्या छताशी लटकल्या होत्या. मोहाचं झाड शेंड्यावर उभं होतं. तलावाची पाळ, पाळीवरून जाणारी एक बाई, तिच्या डोक्यावरचा भारा, सगळं उलटं, सगळं रंगीत, सगळं हलतं. आवाज मात्र नव्हता. पाण्यात गाव पडावं आणि ते पाणी आमच्या भिंतीवर कुणी ओतावं, तसं ते दिसत होतं. चाळीस-पन्नास पोरं त्या अंधारात श्वास धरून बसली. मी पुस्तकात शेकडो वेळा वाचलेली गोष्ट होती ती, पण माझ्याही अंगावर काटा आला. मला तेव्हा वाटलं, आता कुणी मरेपर्यंत इथून हलू नये.

बांधीत राखाडी रंगाचं काहीतरी उंच हाललं. लांब पाय वर, लाल डोकं खाली.

"सारस!" दुर्पता म्हणाली. "पाहा ना, एकटाच हाय बिचारा."

"श्श!" चारदोन पोरांनी तिला गप्प केलं. मी वळून पाहिलं तेव्हा कळलं, ती माझ्यामुळे गप्प झाली नव्हती. दार किंचित उघडून बिसेन सर केव्हाच आत आले होते आणि भिंतीला टेकून उभे होते.

मला वाटलं, आता पोती काढायला लावतात. पण ते तास संपेपर्यंत भिंतीकडे बघत राहिले. जाताना फक्त दार इतकं हळू लावलं की कडीसुद्धा वाजली नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत ते माझ्या टेबलाशी आले. खुर्चीत बसले नाहीत.

"मॅडम, ते जे भिंतीवर पडते ना," ते म्हणाले, "ते वर पाडता येते काय? छपरावर? पडलेल्या माणसाले दिसन असं?"

मला त्यांचा प्रश्न कळला. पुस्तिकेत त्या प्रयोगाच्या शेवटी एक प्रश्न होता, उत्तर न देता सोडलेला. 'प्रतिमा सुलट कशी करता येईल? विचार करा.' रात्रंदिवस मी तोच विचार करत होते.

"येईल, सर. भोकाच्या आत आरसा तिरपा धरला तर प्रकाश वर जाईल. आणि काकींचं डोकं खिडकीकडेच आहे, म्हणजे त्यांना सुलटंही दिसेल. आभाळ वर, जमीन खाली." मी थांबले. "पण कलणारा आरसा लागेल. पेटीतला."

खरं तर घरातला कुठलाही आरसा चालला असता. पण ते मी बोलले नाही. एवढी संधी कोण सोडेल?

सरांचा हात कमरेकडे गेला. किल्लीवर थांबला. त्यांनी पेटी उघडली, आरसा बाहेर काढला आणि लहान बाळाला घ्यावं तसा दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला. मधोमध वाळलेलं कुंकू होतं. मी पदरानं पुसायला गेले.

"राहू द्या," ते म्हणाले.

"सर, पण त्याचा डाग पडेल. चित्रात तेवढा भाग दिसायचा नाही."

"राहू द्या म्हटलं ना." मग आवाज उतरवून म्हणाले, "पूजेचं आहे."

शाळा सुटल्यावर दुर्पता मला वाटेत गाठून म्हणाली, "म्याडम, तुमी काकीले सारस दाखवनार? नोका दाखवू." एरवी टिवटिव करणारी पोरगी कुजबुजत होती. जोडीतला एक सारस उन्हाळ्यात विजेच्या तारेला धडकून मेला होता. सरांनीच त्याला पाळीखाली पुरलं आणि गावाला बजावलं, आमच्या घरात हे कुणी बोलायचं नाही. तिला सहन होणार नाही. तेव्हापासून सर रोज सांगत, दोघंही बांधीतच आहेत, आणि सगळं गाव त्याला मान डोलवत होतं.

मी सरांकडे गेले आणि सरळ म्हणाले, "सर, मला दुर्पतानं सांगितलं. मग हे कशाला करायचं? एकच दिसेल त्यांना."

ते ओसरीवर उभे राहून त्यांचं एक धुतलेलं धोतर ताणून पाहत होते. छपराखाली पडदा म्हणून बांधायला.

"रोज म्हणते, एकदा पाहाचं हाय," ते म्हणाले. "डॉक्टरनं सांगितलं, आता किती दिवस ते नाही सांगता येत. नाही कसं म्हनू मी?" त्यांनी धोतराची घडी घातली, पुन्हा उलगडली. "तो टिळा हाय ना आरशाले. दुसरा त्या टिळ्याच्या मागं हाय, असं सांगीन."

मला हसूही येईना आणि रडूही. इतक्या वर्षांच्या मास्तराला एवढंच खोटं सुचलं होतं, आणि त्यासाठी त्यांनी आपली पेटी उघडली होती.

रविवारी सकाळी आम्ही ती खोली अंधारी केली. बांबूंना धोतर ताणून बांधलं. खिडकीत पोतं आणि पत्रा, पत्र्याच्या आत हातभर अंतरावर स्टुलावर आरसा. मी तो तसूतसूनं कलवत गेले. काकी डोळे मिटून पडल्या होत्या. सर खाटेच्या पायाशी उभे होते.

"उघडा आता," मी म्हणाले.

धोतरावर सकाळ पसरली होती. बांध्या कापणीला आल्या होत्या, त्यांचं सोनं आमच्या डोक्यावर हलत होतं. तलावाची पाळ, मोहाचं झाड, झाडाच्या वर आभाळ. सगळं सुलट. एक गुराखी आपल्या म्हशी घेऊन कापडाच्या या टोकाकडून त्या टोकाला गेला. आणि मधोमध, बांधीवर, कुंकवाचा एक मोठा काळपट डाग, कुणी ढग आणून ठेवावा तसा.

काकींचे डोळे कापडावर फिरत होते, एखादी बाई माहेरच्या घरात फिरते तसे, इथे काय आहे, तिथे काय आहे हे बघत.

डागाच्या कडेला तो राखाडी पक्षी बाहेर आला. एक पाऊल. थांबला. दुसरं पाऊल.

"एकच हाय," काकी म्हणाल्या.

"दुसरा त्या टिळ्यामागं हाय," सर घाईनं म्हणाले. "खंडेनवमीचं कुंकू हाय ते. आता येईन बाहेर."

"बरं," काकी म्हणाल्या.

शाळेचा शिपाई काही कामासाठी हाका मारत होता. सर बाहेर गेले. मी स्टुलाशी बसून होते. मला काय करावं कळेना, म्हणून मी हळूच म्हणाले, "काकी, तो डाग पुसू का?"

"नको पोरी. राहू दे." त्यांची नजर वरून हलली नाही. "त्याईले वाटते, मले माहीत नाई."

मी आरशाकडे नेलेला हात मागे घेतला.

"मले पाठ नाई, पण कान तं हायेत ना?" त्या म्हणाल्या. "जोडी असली की सकाळी दोघं मिळून ओरडतात. एकाचा आवाज निघाला की दुसऱ्याचा त्यात मिसळते. उन्हाळ्यापासून एकाच गळ्याचा आवाज येते. मी पडल्या पडल्या आयकतो ना रोज."

"मग तुम्ही रोज विचारता ते?"

"त्याईले सांगाले बरं वाटते." त्या किंचित हसल्या. "अन् मले आयकाले."

वर कापडावर सारसानं मान खाली घातली. चिखलात चोच खुपसली, काहीतरी ओढलं, मान उंच करून गिळलं. पुन्हा खाली घातली. काकी ते इतक्या बारकाईनं पाहत होत्या की मीही श्वास धरला.

"मग पाहायचं काय होतं काकी, तुम्हाला सगळं माहीत होतं तर?"

बाहेर सरांच्या चपला वाजल्या आणि पुन्हा दूर गेल्या.

"लोक म्हनतात, जोडीतला एक गेला की दुसरा खात नाई. झुरून झुरून मरते. मले पाहाचं होतं, खरं हाय का ते." त्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळलं. पुसायला त्यांचा हात उठत नव्हता, म्हणून मी पुसलं. "खाते ना तो? तू पाह्य बरं. मले तं वाटते, खाते."

"खातो, काकी. चांगला चरतोय."

"मंग झालं," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले. "आता सांगू नोको त्याईले. मी गेल्यावर सांगजो. आता सांगशीन तं जेवनार नाईत."

काकी माघात गेल्या.

सर काही दिवस शाळेत आले नाहीत. आले तेव्हा शर्ट अंगात लोंबत होता. मधल्या सुटीत ते घरी जेवायला जात नव्हते, आणि कुणी काही दिलं तर 'झालं माझं' म्हणत. कामात चूक नव्हती, पण माणूस जागेवर नव्हता. मला दररोज काकींचं बोलणं आठवे आणि दररोज ते तोंडाशी येऊन परत जाई. अशा माणसाला काय सांगायचं, आणि कुठे?

बोर्डाच्या परीक्षेआधी पोरांनी हट्ट धरला, म्याडम, एकदा अंधार करा ना. धान कापून झालं होतं. बांध्यांत नुसती खुटं उरली होती. आम्ही पोती लावली, दार लोटलं. थोड्या वेळानं दार उघडून कुणीतरी आत आलं आणि शेवटच्या बाकावर, खिडकीला पाठ करून बसलं. पोरांनी जागा करून दिली. कुणी मागे वळून पाहिलं नाही.

भिंतीवर उलटं गाव उजळलं. कापलेल्या बांधीत एकटा सारस उलटा चालत होता.

मी बाकांमधून मागे गेले आणि सरांजवळ उभी राहिले. अंधारात बोलायला सोपं जातं.

"सर, काकींना माहीत होतं."

ते हलले नाहीत.

"उन्हाळ्यापासून. आवाजावरून. त्यांना दोघं बघायचे नव्हते. एकटा राहिलेला खातो का, ते बघायचं होतं. त्यांनी बघितलं. 'मंग झालं' म्हणाल्या. मला म्हणाल्या, मी गेल्यावर सांगजो."

पुढच्या बाकांवर कुणाची तरी पट्टी खाली पडली. सरांचा श्वास मला ऐकू येत होता, फार खोल आणि फार सावकाश. मग ते उठून बाहेर गेले. मला वाटलं, आपण चुकलोच. मी परत फळ्याकडे निघाले.

पण ते परत आले. हातात आरसा होता. बाकांच्या मधून चालत ते खिडकीपर्यंत आले आणि भोकातून येणाऱ्या उजेडात उभे राहिले. त्यांनी आपल्या शर्टाचं टोक तोंडाशी नेऊन ओलं केलं आणि आरशावरचं वाळलेलं कुंकू पुसायला लागले. ते सहज निघत नव्हतं. त्यांनी पुन्हा टोक ओलं केलं, पुन्हा पुसलं. आरसा लख्ख झाला, शर्टाला लाल डाग लागला.

"दुर्पता," त्यांनी हाक मारली.

ती घाबरतच उठली.

"घे. हातात घे."

"सर, फुटन."

"फुटला तं फुटला. म्याडम सांगतात तसा धर."

दुर्पतानं आरसा घेतला. पेटीतली वस्तू आमच्या वर्गातल्या पोराच्या हातात मी पहिल्यांदा पाहिली. तिचे हात थरथरत होते, म्हणून भिंतीवरचं गाव आधी फुटून सगळ्या खोलीभर उडालं. मग तिनं कोपरं अंगाशी घट्ट धरली, आरसा हळूहळू कलवला, आणि बांध्या, पाळ, मोहाचं झाड भिंतीवरून निघून आमच्या डोक्यावर छताला जाऊन स्थिर झालं. डाग कुठेच नव्हता. सगळ्या पोरांच्या माना वर गेल्या.

सर पुन्हा शेवटच्या बाकावर बसले. त्यांनी डोकं मागे, खिडकीकडे टाकलं आणि वर पाहू लागले. काकींनी पाहिलं होतं तसंच. छतावर सारसानं मान खाली घातली, खुटांमधून काहीतरी वेचलं, मान वर केली.



"चरते," सर म्हणाले.